पंखे बंद असण्याचे दिवस

आज सकाळी गच्चीवर गेले तर किल्ला जागेवर नव्हता.

काल संध्याकाळी होता. वाळलेले कपडे काढायला वर आले तेव्हा त्याच्या तटावर शेवटचं ऊन रेंगाळत होतं. आज तिथे नुसता पांढरेपणा. शेजारच्यांची पाण्याची टाकीही अर्धीच दिसत होती. खाली गल्लीतून दूधवाल्याची मोटरसायकल गेली, पण ती कुठून आली आणि कोणत्या बाजूला वळली ते कळलं नाही. पुण्याकडची माणसं याला धुकं म्हणतात. आपण ग्वाल्हेरचे लोक घरात मराठी बोलतो, पण याला कोहराच म्हणतो. धुकं म्हटलं की काहीतरी पातळ, नाजूक वाटतं. कोहरा हाडांत शिरतो.

आणि कोहरा पडला की मला आधी पंखे आठवतात. तुम्ही हसाल, पण ऐका. होळीपासून दिवाळीपर्यंत आपल्या घरात पंखा नाहीतर कूलर चालूच असतो. त्या घरघरीची इतकी सवय होते की ती ऐकूच येत नाही. मग एका रात्री कोणीतरी उठून पंखा बंद करतं आणि दुसऱ्या दिवसापासून घर ऐकू यायला लागतं. भिंतीवरचं घड्याळ, मोरीतला थेंब, दिवाणखान्यात आजोबांच्या तानपुऱ्याची खर्जाची तार. तरी तेव्हा बाहेर लग्नसराई असते, वराती असतात, ढोल असतात. पुढे धुंधुरमास लागतो. आपले हिंदी शेजारी त्याला खरमास म्हणतात. या महिन्यात लग्नं होत नाहीत, बँडवाले आपले लाल कोट घडी करून ठेवतात. पंखे बंद, वराती बंद आणि गावावर कोहऱ्याची दुलई. वर्षातून एवढेच काही दिवस ग्वाल्हेर गप्प असतं.

विनूआजोबांनी आपला अल्बम याच दिवसांत केला. तो योगायोग नव्हता.

मुक्ता, तू परवा फोनवर विचारलंस, "आजी, विनूआजोबांच्या अल्बममध्ये पाचव्या पीसच्या शेवटी काहीतरी आवाज आहे. कोणीतरी काहीतरी आपटतं आणि मग खोकल्यासारखं. चुकून राहिलंय का ते?" आणि तुझ्यामागून ओम ओरडला, "ग्लिच आहे, ग्लिच!" मी म्हटलं, सांगते नंतर. फोनवर सांगायला गेले असते तर तुम्हाला शाळेची बस चुकली असती. म्हणून लिहिते आहे. आयुष्यभर मी मुलींना इंग्रजी शिकवलं आणि निबंधाला सुरुवात, मध्य आणि शेवट हवा असं बजावत आले. या लिखाणात तो क्रम टिकेल याची मला खात्री नाही. कोहऱ्यात माणूस भिंतीला हात लावत लावत चालतो, तसं होईल.

विनूआजोबा म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, एवढं तुम्हाला माहीत आहे. आपले पूर्वज दक्षिणेतून घोड्यावर बसून, तलवारी घेऊन इथे आले. त्यांच्या नातवंडांनी कचेऱ्यांत फायली सांभाळल्या. आणि त्याच घरातला विनू एक दिवस गिटार घेऊन कलकत्त्याला निघून गेला. तिथल्या हॉटेलांत तो जॅझ वाजवायचा. वर्षानुवर्षं, संध्याकाळचा सूट घालून. मी एकदा त्याला विचारलं, लोक ऐकतात का रे? तो म्हणाला, "लोक जेवतात, वहिनी. काट्याचमच्यांचा आवाज हाच आमचा तानपुरा." त्यानं दुसऱ्यांच्या कितीतरी रेकॉर्डांवर वाजवलं. स्वतःच्या नावाची एकही नव्हती. केस पांढरे झाले, तरी नव्हती.

तुमचे आजोबा ख्याल गातात. नोकरी पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअरची केली, पण पहाटेचा तानपुरा कधी चुकला नाही. लहानपणी दोघे भाऊ एकाच बुवांकडे शिकायला जात. तुमचे आजोबा टिकले, विनू पळाला. पळाला म्हणजे शाळेत गोव्याचे एक संगीताचे मास्तर होते, त्यांच्या गिटारजवळ जाऊन बसायला लागला आणि बुवांकडे जाईनासा झाला. घरात त्यावरून भांडण झालं नाही. आपल्या घरात भांडणं होत नाहीत, वाक्यं होतात. आणि ती वर्षानुवर्षं टिकतात.

तसं एक वाक्य माझ्यासमोर झालं. माझ्या लग्नानंतरची पहिलीदुसरी दिवाळी असेल. विनू सुट्टीवर आला होता. फराळ झाल्यावर मीच म्हटलं, भाऊजी, काहीतरी वाजवा. त्यानं वाजवलं. तुमच्या आजोबांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "हात गोड आहे रे तुझा. पण ह्यात सम कुठे येते? समच कळली नाही तर ऐकणाऱ्यानं मान कुठे डोलवायची?"

सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. गाणारा कुठे कुठे हिंडून नेमका तिथे येऊन उतरतो, आणि ऐकणाऱ्यांचे हात आपोआप मांडीवर पडतात. तोंडातून "हां" निघतं, "क्या बात है" निघतं. ते कोणी ठरवून करत नाही. आपल्याकडे मैफलीत गप्प बसून राहणं म्हणजे सभ्यपणा नव्हे. गप्प बसणं म्हणजे आवडलं नाही, असं सांगणं.

विनू हसला. "येते, दादा. आम्ही ती फक्त ओरडून सांगत नाही." आणि त्यानं गिटार पेटीत ठेवली. पुढे तो दर वर्षी यायचा, पेटीही यायची, पण ती पलंगाखाली राहायची. या घरात ती पुन्हा उघडली नाही.

असं सगळं असताना मागच्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. "वहिनी, धुंधुरमासात येतो आहे. रेकॉर्डिंग करायचं आहे. माझं स्वतःचं." मी म्हटलं, "इथे?" माझ्या शेजारून आजोबा म्हणाले, "कलकत्त्यात काय स्टुडिओ संपले?" विनू म्हणाला, "तिकडे पंखे बारा महिने चालतात, दादा."

खरं कारण मला ठाऊक होतं. तो आला तेव्हा त्याला चहाचा कप देताना दिसलंही. त्याच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मिटलेलं होतं. उजव्या हातानं त्यानं ते हळूच सरळ केलं, तेव्हा ‘टक’ असा बारीक आवाज झाला. संक्रांतीनंतर ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, बोट उघडेल, कप धरता येईल, बटण लावता येईल. गिटारबद्दल मात्र ते काही बोलले नव्हते. म्हणजे जे वाजवायचं ते आता. आणि ज्याला ऐकवायचं तो माणूस माधवगंजात, आपल्याच घरात, कानटोपी घालून बसलेला.

गंमत अशी, की थंडी आवाजाला जितकी चांगली तितकीच बोटांना वाईट. पहाटे आम्ही धुंधुरमासाची मुगाची खिचडी करायचो. वर तूप, सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. विनू खिचडीच्या वाटीभोवती दोन्ही हात धरून बसायचा. जेवायला नव्हे, शेकायला. "वहिनी, अजून वाढ." "खाल्ली कुठे आहेस?" "गार झाली." तुमचे आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "त्याला खिचडी नको, शेगडी दे."

स्टुडिओ म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर काय येईल कोण जाणे. आमचा स्टुडिओ महाराज बाड्याच्या चौकामागल्या गल्लीत, बांगड्यांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होता. जिना इतका अरुंद, की दिल्लीहून आलेल्या लिपिकाचं माणसापेक्षा उंच बास, म्हणजे जाड तारांचं अवाढव्य व्हायोलिनच, वर नेताना दुकानदारानं आपली बांगड्यांची मांडणी आत सरकवली आणि तो हात जोडून उभा राहिला. लिपिका बास वाजवते, तिचा नवरा ड्रम. दोघांनीही विनूबरोबर कलकत्त्यात वाजवलेलं. वर एक खोली, भिंतींना काळा स्पंज, जमिनीवर जाजम, आणि काचेपलीकडे दिनेशची कोठडी.

दिनेश हा स्टुडिओचा मालक, रेकॉर्डिंगही तोच करायचा. भजनं, कोचिंग क्लासच्या जाहिराती, निवडणुकीत रिक्षावरून वाजतात ती आवाहनं, असलं सगळं तिथे व्हायचं. जॅझ हा शब्द त्यानं विनूकडूनच ऐकला असावा. पण त्याचा आत्मविश्वास किल्ल्याएवढा होता. पहिल्याच दिवशी मी विचारलं, खालच्या टेंपोचा आवाज येईल, त्याचं काय? तर म्हणाला, "अरे आंटीजी, टेंपो, कुत्ता, छींक, खांसी, सब निकाल देंगे. एक नेताजी की तो डकार निकाली है मैंने, भाषण के बीच में से. पता ही नहीं चला किसी को."

"नेताजी को?" विनूनं विचारलं.

"नेताजी को भी नहीं, चाचा."

मी तिथे का होते? विनूला रिकाम्या खोलीत वाजवता येत नाही. काचेपलीकडचा माणूस त्याला चालत नाही, समोर कोणीतरी हवं. आणि दोन तुकड्यांच्या मध्ये हातावर ठेवायला गरम पाण्याची पिशवी हवी, ती भरायला कोणीतरी हवं. मी चाळीसचाळीस मुलींना नुसत्या नजरेनं गप्प बसवलेलं, तेव्हा स्वतः गप्प बसणं मला काय अवघड? तरी दिनेश पहिल्या दिवशी बराच वेळ घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "आंटीजी, बुरा मत मानना, वो चूड़ियां..." मी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवसापासून साडीही साधी सुती, रेशमाची सळसळ नको म्हणून. प्लास्टिकच्या खुर्च्या कुरकुरतात म्हणून कोपऱ्यात गादी. आणि पिशवीत तिळगुळाची गजक होती, पण रेकॉर्डिंगचा तांबडा दिवा लागला की तिला हात लावायचा नाही, कारण आपली गजक कशी तुटते ते तुम्हाला माहीत आहे. पार मोरेना गावापर्यंत ऐकू जाते.

तुमचे आजोबा दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी सूर्यच उगवला नाही. गच्चीवर ऊन नाही, घरात हातपाय गोठलेले. मी डबा घेऊन निघाले तर पाठीमागे चपलांचा आवाज. "त्या स्टुडिओत ऊब असते म्हणालीस ना? स्पंज लावला आहे ना भिंतींना?"

"आहे."

"मग येतो. उबेसाठी."

ते आले आणि गादीवर माझ्याशेजारी बसले, शाल गळ्यापर्यंत आणि कानटोपीची फडकी दोन्ही कानांवर खाली ओढून, हनुवटीखाली बंद बांधलेला. विनूनं एकदा पाहिलं आणि मान खाली घालून तारा जुळवू लागला. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. पासष्टी ओलांडलेल्या माणसाचे.

दिनेशनं वाकून नमस्कार केला. "बाबूजी, बस एक विनती है. लाल बत्ती पर आवाज़ नहीं." आजोबा म्हणाले, "हम क्यों बोलेंगे? हम तो ठंड के मारे आए हैं."

मुलांनो, मी त्या संगीतातली जाणकार नाही. पण इतके दिवस समोर बसून जे कळलं ते सांगते. आधी ते तिघं मिळून एक चाल वाजवतात. मग ती चाल जणू खाली ठेवून देतात आणि तिच्या जागेत, तेवढ्याच लांबीच्या रिंगणात, प्रत्येक जण आपापलं काही बोलतो, तिथल्या तिथे सुचेल ते. शेवटी सगळे पुन्हा त्या चालीपाशी येतात, आणि ती तीच असूनही तशी राहिलेली नसते. विनूची गिटार पोकळ पोटाची, जुनी, कोपऱ्यांवरचा रंग गेलेली. तिचा आवाज मोठा नाही. मला तो आवाज पितळेच्या भांड्यात ठेवलेल्या कोमट पाण्यासारखा वाटतो. त्याच्या वयाची माणसं आपल्याला काय काय येतं ते दाखवतात. विनू उलट एकेक सूर असा ठेवायचा, जसं कोणी झोपलेल्या मुलाजवळ काहीतरी ठेवावं. दोन सुरांच्या मध्ये जी जागा सोडायचा, तीही वाजवलेलीच वाटायची. ‘कोहरा’ नावाचा तुकडा आहे ना, पहिलाच? त्यात लिपिकाचा नवरा ड्रमवर तारांचे ब्रश फिरवतो, गोल गोल. मला वाटलं, कोणीतरी गल्ली झाडतं आहे आणि झाडणारा दिसत नाही. ‘माधवगंज, दुपार’ वाजवताना विनू चक्क हसत होता.

आणि हे सगळं ते बोट सांभाळून. तुकडा संपला की तो हात पुढे करायचा, मी पिशवी द्यायची. पिशवीखालून कधीकधी ‘टक’ ऐकू यायचं. लिपिका तेव्हा मुद्दाम बासच्या खुंट्यांशी काहीतरी करत राहायची.

एक गोष्ट मी कोणाला बोलले नाही, पण रोज बघत होते. कानटोपी. पहिल्या दिवशी बंद बांधलेला. दुसऱ्या दिवशी बंद सुटलेला, फडकी कानांवर. मग एक दिवस डावं फडकं वर दुमडलेलं, कारण म्हणे शिवण टोचत होती. घरी परतताना ते संगीताबद्दल अवाक्षर काढत नसत. "तो ड्रमवाला मुलगा सभ्य आहे," एवढंच. नाहीतर, "त्या मुलीचं बास म्हणजे आपल्या तानपुऱ्याचं मोठं भावंडच की." विनू माझ्याकडे बघायचा. मी डोळ्यांनीच सांगायची, थांब जरा.

पाचवा तुकडा सगळ्यांत शेवटी ठेवला होता. त्यात ते बोट सगळ्यात जास्त लागतं. त्याचं नाव तेव्हा विनूनं कोणाला सांगितलं नव्हतं, दिनेशच्या संगणकावर नुसता ‘पांच नंबर’ होता. दुसऱ्या दिवशी लिपिका आणि तिचा नवरा दिल्लीला परतणार होते, आणि संक्रांत तोंडावर आलेली.

सकाळी वाजवला, मधेच बोट अडकलं. पुन्हा वाजवला, शेवटाशी येऊन अडकलं. जेवणानंतर पुन्हा. दिनेश काचेपलीकडून म्हणाला, "चाचा, टुकड़े-टुकड़े में ले लें? जोड़ दूंगा, पता नहीं चलेगा." विनू म्हणाला, "बेटा, मुझे पता चलेगा." मी पिशवी पुन्हा भरली. विनूनं हात तिच्याखाली ठेवला आणि बराच वेळ डोळे मिटून बसला. तुमचे आजोबा त्याच्या हाताकडे बघत होते. मग ते उठले, आपली शाल काढून त्यांनी विनूच्या खांद्यावर टाकली आणि पुन्हा जागेवर येऊन बसले. "हात खांद्यापासून गार होतो," ते मला म्हणाले, विनूला नव्हे. घाम आला म्हणत कानटोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. माघ लागायचा होता आणि यांना घाम आला होता.

तांबडा दिवा लागला.

बासनं आधी चालायला सुरुवात केली. त्याला ते लोक चालणंच म्हणतात. लांब लांब पावलं, एकासारखी एक, कुठे घाई नाही. मग गिटार आली, आणि ती मागे होती. चुकून नव्हे. बास पुढे चाललेलं आणि गिटार किंचित मागे, काहीतरी बघत थांबणारी, मग दोन सूर पळत येऊन गाठणारी, पुन्हा रेंगाळणारी. रिंगण पूर्ण होत आलं की बास एका जागी असं पाऊल टाकायचं, जणू कोणी वळून उभं राहिलं आहे, आणि गिटार अगदी त्याच क्षणी तिथे पोचायची. मग पुन्हा दोघं चालायला लागायचे. दर वेळी गिटार जास्त मागे राहायची, मला भीती वाटायची की आता नाही गाठत. आणि दर वेळी गाठायची.

मी विनूच्या बोटाकडे बघत होते. शेजारी काय चाललं आहे ते मला दिसलं नाही. शेवटच्या रिंगणात गिटार इतकी मागे पडली, की लिपिकानंही मान वर केली. आता संपलं, मी मनात म्हटलं. आणि ती आली. धावत नाही, अगदी सहज, बासच्या त्या पावलावर येऊन टेकली.

थाप! माझ्या शेजारी मांडीवर तळहात पडला आणि छातीतून आवाज निघाला, "हां!"

शेवटचा सूर अजून खोलीत होता. तो पूर्ण विरेपर्यंत कोणी हललं नाही. मग दिवा विझला. तुमच्या आजोबांचा हात मांडीवरच होता, आणि ते त्या हाताकडे असे बघत होते जसं तो दुसऱ्या कोणाचा आहे.

लिपिका आधी बोलली. "काका, आपने तो बिलकुल वहीं पकड़ा."

"ते राहू दे," आजोबा म्हणाले. उठून उभे राहिले. मी त्यांना एवढं ओशाळलेलं कधी पाहिलं नव्हतं. "विनू, चूक झाली. तोंडातून निघून गेलं. पुन्हा वाजव."

विनूनं डावा हात वर केला. बोट मिटलेलं होतं. त्यानं उजव्या हातानं ते उघडायचा प्रयत्नही केला नाही. "आता नाही व्हायचं, दादा."

"मग माझा आवाज काढून टाका. एवढ्या मेहनतीच्या रेकॉर्डवर माझं काय काम?" ते काचेकडे वळले. "दिनेश, वो हमारी आवाज़ निकाल दो."

दिनेशनं काचेपलीकडून विनूकडे पाहिलं. शालीचं टोक हातात घट्ट धरून विनू दिनेशकडे नुसता बघत राहिला. नेताजींचा ढेकर काढून टाकणारा दिनेश, कुत्रं आणि टेंपो काढणारा दिनेश. त्यानं माउस थोडा इकडेतिकडे फिरवला, कपाळाला आठ्या घातल्या, कान हेडफोनला लावला. मग बाहेर येऊन अतिशय गंभीर चेहऱ्यानं म्हणाला,

"नहीं निकलेगी, बाबूजी."

"क्यों? टेंपो निकलता है, छींक निकलती है!"

"वो अलग बात थी. आपकी तो गिटार में घुस गई है."

माझ्या मनात आलं, हे इंजिनिअर आहेत, आता प्रश्न विचारतील. कसं घुसते, कुठे घुसते, दाखव. ते दिनेशकडे बघत राहिले. मग विनूकडे. मग कानटोपी उचलून त्यांनी ती झटकली, डोक्यावर घातली, फडकी नीट वर दुमडली.

"बरं," ते म्हणाले. "नाही निघत तर काय करणार."

दिनेश एवढा वेळ रोखून धरलेला श्वास सोडून म्हणाला, "गजक खा लें अब?"

त्या संध्याकाळी बाड्यावरून घरी चालत येताना दोघे भाऊ पुढे होते आणि मी मागे. कोहरा उतरायला लागला होता, दुकानांचे दिवे विरघळल्यासारखे दिसत होते. घरी आल्यावर विनूनं पेटी पलंगाखाली सारली नाही. दिवाणखान्यात, तानपुऱ्याशेजारी भिंतीला टेकवून ठेवली. आजोबांनी पाहिलं आणि तानपुरा थोडा सरकवून जागा केली.

अल्बम बाहेर पडला तेव्हा मला पाचव्या तुकड्याचं नाव कळलं. ‘गोरखीहून घरी’. मी विनूला विचारलं तर म्हणाला, "वहिनी, गोरखीच्या शाळेतून आम्ही दोघं घरी यायचो ना. दादा पुढे, लांब टांगा टाकत. मी मागे. मला प्रत्येक दुकान बघायचं असायचं. पण बाड्याच्या कोपऱ्यावर तो थांबायचा. तिथे टांगे फार असत. माझा हात धरल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. मला ठाऊक होतं, म्हणून मी खुशाल मागे राहायचो." तुमच्या आजोबांना हे नाव तोवर माहीत नव्हतं. तरी त्यांचा हात पडला तो नेमका त्या कोपऱ्यावर.

तेव्हा ओम, ते ग्लिच नाही. आणि मुक्ता, चुकून राहिलेलं नाही, ठेवलेलं आहे. पण आजोबांना विचारलंत तर ते सांगतील की ते निघत नव्हतं, गिटारमध्ये घुसलं होतं. तुम्हीही "अच्छा" म्हणा आणि पुढचं विचारा. या घरात आम्ही सगळे तसंच म्हणतो.

विनूचं ऑपरेशन झालं. बोट उघडतं, ‘टक’ होत नाही. पण पूर्वीसारखं पळत नाही. काही तुकडे त्यानं सोडून दिले आहेत. आता तो पूर्वीपेक्षाही कमी सूर वाजवतो, आणि मला प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातला एकही सूर वाया जात नाही. या धुंधुरमासातही तो इथेच आहे. डॉक्टरांनी बोटाला रोज व्यायाम सांगितला आहे, तो मी लावून दिला. मटार सोलायचे.

मघाशी लिहिता लिहिता उठून वर गेले. कोहरा विरळ झाला होता, किल्ल्याचा एक बुरूज तेवढा हवेत तरंगत होता. पातळ ऊन आलं होतं आणि दोघे भाऊ चटईवर, मध्ये मटारांचा ढीग, एक पातेलं आणि पातेल्याला टेकवून ठेवलेला फोन. पाचवा तुकडा चालू होता. तुमचे आजोबा रोज लावतात. कानटोपी होती, फडकी वर.

शेवटचं रिंगण आलं. आजोबांच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली राहिली. फोनमधून थाप आली, आणि त्यांचा स्वतःचा "हां". आजोबा सूर विरेपर्यंत थांबले, मग नाखुशीनं मान हलवली. हेही रोजचंच.

"जरा मागे पडलो मी," ते म्हणाले. "हात आधी पडायला हवा होता."

विनूनं वर पाहिलं नाही. त्या बोटानं शेंग दाबून उघडली आणि दाणे पातेल्यात सोडले.

"चालतं, दादा," तो म्हणाला. "मी थांबलो होतो."